हिरा एआयकडून करून घेतला तर चालेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. चाकणला यंत्राने पत्रा दाबून वाहनांचे सुटे भाग बनवणारं तुमचं प्रेस शॉप आहे. ३० ते १६० टनांच्या बावीस प्रेस, एकशे ऐंशी माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. तुम्ही सेफ्टीचा डिप्लोमा करून दीड वर्षापूर्वी तिथे लागलात. तीन आठवड्यांनी ग्राहक कंपनीचं ऑडिट आहे आणि प्लांट हेड म्हणालेत, "चॅटजीपीटीला सांग, दोन दिवसांत सगळ्या प्लांटचा हिरा निघेल." वर एक जण हेल्मेट ओळखणारा एआय कॅमेरा विकायला रोज फोन करतोय. असा हिरा चालेल का आणि कॅमेरा घ्यावा का, हे तुम्ही विचारलंय. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हिरा म्हणजे कामातले धोके शोधून प्रत्येकाची जोखीम ठरवण्याचा तक्ता. नाव हिरा, पण बहुतेक फाइलींत काचच सापडते.)

'चालेल का' या दोन शब्दांत तुम्ही दोन प्रश्न बांधलेत. ऑडिट पार पडेल का? बहुधा पडेल. एआयने केलेला तक्ता दिसायला आपण हाताने केलेल्यापेक्षा देखणाच असतो. पण त्या तक्त्याने कुणाचं बोट वाचेल का, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या प्रेस कशा आहेत, नोंदी किती खऱ्या आहेत आणि तुम्हाला शॉपवर उभं राहायला किती वेळ मिळतो यावर ठरेल. मी चोवीस वर्षं या कामात आहे, त्यातली बरीचशी प्रेस शॉप आणि फोर्जिंगमध्ये गेली. केमिकल प्लांटचं माझं ज्ञान बेताचं आहे. तिथला कुणी जाणकार वेगळं सांगत असेल तर त्या बाबतीत त्याचं ऐका.

मी स्वतः एआय वापरतो, हे आधीच सांगतो, नाहीतर वाटेल म्हातारा नव्या गोष्टीला नाकं मुरडतोय. गेल्या वर्षी एका ओळखीच्या युनिटसाठी मी त्याला सांगितलं, "१०० टनी मेकॅनिकल पॉवर प्रेस, हाताने फीडिंग, हिरा करून दे." मिनिटभरात चाळीस ओळी आल्या. बोट चिरडणे, डाय (साचा) बदलताना स्लाइड (प्रेसचा वरखाली होणारा भाग) खाली येणे, उडणारा स्क्रॅप, आवाज, तेलाने निसरडी झालेली फरशी, फ्लायव्हीलचा उघडा पट्टा, सगळं होतं. डाय सेटिंगच्या वेळी सेफ्टी ब्लॉक, म्हणजे स्लाइड खाली येऊ न देणारा ठोकळा, लावायचा हेही होतं, जे कितीतरी अनुभवी लोक लिहायला विसरतात. कोऱ्या कागदापुढे बसून मला यातल्या पंचवीसेक सुचल्या असत्या. इथवर त्याचं काम चोख.

मग नियंत्रणांच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: लाइट कर्टन बसवा. म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, हात मध्ये आला की प्रेस थांबते. वाचायला एकदम बरोबर. फक्त ती प्रेस पिन क्लचची होती.

प्रेस शॉपमधल्या माणसाला पुढचं सांगायला नको, पण तुम्ही नवे आहात म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडच्या जुन्या सी-फ्रेम प्रेसमध्ये पिन क्लच किंवा रोलिंग की क्लच असतो. पेडल दाबलं, क्लच एकदा अडकला, की क्रँकचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय तो सुटत नाही. मध्येच थांबवायची सोयच त्या यंत्रात नाही. पडदा लावला, हात गेला, दिवा लाल झाला, तरी स्लाइड खाली येणारच. पडद्याचा उपयोग फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर होतो, कारण तिथे स्ट्रोकच्या मध्येच क्लच सोडून ब्रेक लावता येतो. गंमत अशी की एआयने त्याच ओळीत अमेरिकेच्या ओशाच्या (तिथल्या कामगार सुरक्षा खात्याच्या) १९१०.२१७ या नियमाचा हवाला दिला होता आणि त्याच नियमात पूर्ण फेऱ्याच्या क्लचवर असा पडदा वापरायला मनाई आहे.

ही चूक कागदावर राहिली तर काही बिघडत नाही. पण मी ती यंत्रावर पाहिलेली आहे, एआय यायच्या खूप आधी, विक्रेत्याच्या कृपेने. एका कारखान्यात पिन क्लचच्या प्रेसवर पडदे बसवले गेले होते. त्याआधी ऑपरेटर जॉब (दाबायचा तुकडा) चिमट्याने ठेवत. पडदा आल्यावर चिमटे हळूहळू टूलबॉक्समध्ये गेले, कारण 'आता मशीन थांबतं'. दोन महिन्यांनी एका मुलाची दोन बोटं गेली. पडदा नसता तर त्याने चिमटा वापरला असता, हे मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं. अशा प्रेसवर उपाय जुनेच आहेत: डायभोवती पक्कं गार्ड, ज्यातून बोट जाणार नाही, म्हणजे उघडीप ६ मिलिमीटरपेक्षा कमी, नाहीतर जॉब बाहेर ठेवून आत सरकवायचा ट्रे, नाहीतर स्ट्रोक पुरा होईपर्यंत न उघडणारं फाटक.

यावरून मला जे सांगायचंय ते असं. एआय तुम्हाला सरासरी प्रेस शॉपचा हिरा देतो. जगभरच्या हजारो तक्त्यांत जे वारंवार येतं ते त्याला पाठ असतं. अपघात मात्र तुमचं शॉप त्या सरासरीपेक्षा जिथे वेगळं आहे तिथे होतो: क्लच जुना, डाय दुसऱ्या प्रेसची, रात्री मेंटेनन्सला माणूस नाही, दोन्ही हात गुंतवायला दिलेल्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचं दाबलेलं. त्यामुळे एआयचा तक्ता हातात आला की काम संपलं असं धरू नका. तो घेऊन शॉपवर जा आणि प्रत्येक ओळीपाशी विचारा, 'आपल्याकडे हे असंच आहे का?' जिथे उत्तर 'नाही' येईल तिथे वही उघडा.

फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवरही हीच तऱ्हा. एआय लिहील, 'लाइट कर्टन आहे, जोखीम कमी.' पण पडदा डायपासून किती अंतरावर आहे? आयएसओ १३८५५ या आंतरराष्ट्रीय मानकाचं साधं गणित आहे. हात सेकंदाला २००० मिलिमीटर वेगाने येतो असं धरायचं आणि त्याला प्रेस थांबायला लागणाऱ्या एकूण वेळेने गुणायचं. बोट टिपणारा, म्हणजे १४ मिलिमीटरची वस्तूही ओळखणारा पडदा असेल तर या गुणाकारात वर काही मिळवावं लागत नाही. प्रेस ०.१५ सेकंदात थांबत असेल तर अंतर ३०० मिलिमीटर. ब्रेकचं लायनिंग झिजून तोच वेळ ०.२२ सेकंद झाला, तर ४४० मिलिमीटर हवेत. पडदा मात्र बसवला त्या दिवशीच्या ३०० वरच उभा. चौदा सेंटिमीटर कमी, आणि दिवा हिरवा! हे कुठल्याही एआयला तुमच्या ऑफिसात बसून कळणार नाही. थांबण्याचा वेळ मीटर लावून मोजावा लागतो. आकडे दिलेत तर गणित तो बिनचूक करील, पण आकडा ब्रेकमधून येतो.

आता जोखमीच्या गुणांकडे वळू. ५ बाय ५ चा तक्ता, शक्यता गुणिले तीव्रता. मी पाहिलेल्या एआयच्या बहुतेक तक्त्यांत एक खोड सापडते. आधी शक्यता ४, तीव्रता ५, म्हणजे २०. मग 'प्रशिक्षण, हातमोजे, सूचनाफलक' असं लिहून शक्यता २, तीव्रता ३, म्हणजे ६. लाल चौकट हिरवी झाली. शक्यता प्रशिक्षणाने थोडी खाली येईल, मान्य. पण तीव्रता ५ ची ३ कशी झाली? शंभर टनांची प्रेस प्रशिक्षित माणसाचं बोट कमी चिरडते काय? तीव्रता कमी व्हायला यंत्रातली ताकद, उंची, साठा, दाब, असं काहीतरी कमी व्हावं लागतं. (माणसंही हीच लबाडी वर्षानुवर्षं करत आली आहेत. तो आपल्याकडूनच शिकलाय.) म्हणून माझा नियम: धोक्यांची यादी एआयची चालेल, गुण मात्र सुपरवायझर, डाय सेटर आणि निदान एक ऑपरेटर यांच्याबरोबर बसून आपणच टाकायचे. डाय सेटरला वगळू नका. प्रेस शॉपमधली निम्मी गुपितं त्याच्याकडे असतात.

काही जण म्हणतील, जुन्या अपघातांच्या नोंदी एआयला द्या, तो कुठे धोका आहे ते सांगेल. मोठ्या कंपन्यांत, हजारो निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) नोंदलेले असतात तिथे, याचा उपयोग होतो. नोंदींच्या ढिगातून 'गुरुवारच्या दुसऱ्या पाळीत फोर्कलिफ्टच्या वळणावर' असा एखादा धागा काढायला माणसाला दिवस लागतात, त्याला क्षण. पण तुमच्यासारख्या युनिटमध्ये वर्षाला नोंदलेले अपघात दोन-चार. एवढ्यातून काही शिकता येत नाही, फक्त शिकल्याचा भास होतो.

दुसरं त्याहून वाईट आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून एक मेख चालत आली: जखमी कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवायचा. मग काय होतं हे शॉपवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बँडेज बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी येतो, हजेरी लावतो आणि स्टोअरमध्ये खुर्चीवर बसतो. ठेकेदाराचा असेल तर कधीकधी खुर्चीही मिळत नाही, थेट गावाला पाठवतात. नोंदवहीत तो अपघात नाही. अशी वही एआयला दिली तर ठेकेदाराचे लोक जिथे काम करतात तोच भाग त्याला सगळ्यात सुरक्षित दिसतो. सेफ इन इंडिया ही संस्था वाहन उद्योगातल्या चिरडलेल्या बोटांचे अहवाल बरीच वर्षं काढतेय, त्यात पॉवर प्रेस आणि ठेक्यावरचे स्थलांतरित कामगार पुन्हा पुन्हा भेटतात. तुमच्या वहीत ते भेटत नसतील, तर शंका वहीवर घ्या. फर्स्ट एडच्या पेटीतून महिन्याला किती बँडेज संपतात ते स्टोअरवाल्याला विचारा. तो आकडा जास्त खरा निघतो.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. प्रेस शॉपमध्ये बोटं जातात, डोकी नव्हे. हेल्मेट ओळखणारा कॅमेरा तुम्हाला रोज ९७ टक्के, ९८ टक्के असे आकडे देईल, प्लांट हेडच्या स्क्रीनवर हिरवा आलेख चढेल आणि सगळ्यांना वाटेल सुरक्षा सुधारली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ माणसं गेली. नंतरच्या बेकर समितीने नोंदवलं की तिथे व्यक्तिगत इजांचे आकडे चांगले दिसत होते आणि त्यावरच विसंबून प्रक्रियेतल्या मोठ्या धोक्यांकडे दुर्लक्ष झालं. मोजायला सोपं ते मोजलं, तीच गोष्ट. शिवाय हेल्मेट-हातमोजे हा उपायांच्या उतरंडीतला शेवटचा थर आहे. धोका काढून टाकणं, बदलणं, यंत्राला गार्ड लावणं हे त्याच्या वर येतं. तीच रक्कम गार्डवर घाला. फोर्कलिफ्ट आणि पायी माणसं जिथे एकमेकांना छेदतात तिथे इशारा देणारा कॅमेरा घ्यायचा असेल तर विचार करण्यासारखा आहे. पण 'डायमध्ये हात दिसला की आमचा कॅमेरा प्रेस थांबवतो' असं विक्रेता म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. प्रेस थांबवायचं काम त्यासाठीच प्रमाणित केलेल्या उपकरणाचं असतं, साध्या कॅमेऱ्याचं नाही. आणि कॅमेरा कोणताही लावा, सुरक्षा समितीत आधी मांडा. चित्रण पगार कापायला वापरलं जाईल असा वास जरी आला, तरी लोक कॅमेऱ्यापुढे शहाणे आणि खांबामागे तसेच.

एका ठिकाणी मात्र कॅमेऱ्याने मला खरंच मदत केली. वाकून, वळून करायच्या कामाचं मोजमाप. रूला आणि रेबा या पद्धतींत मान, पाठ, मनगट यांचे कोन बघून गुण द्यायचे असतात. दोन माणसं बसवली तर दोन उत्तरं. मोबाइलवरच्या व्हिडिओतून कोन काढणारी साधनं ते सगळ्यांना सारख्याच पट्टीने मोजतात आणि कामगारालाही पडद्यावर स्वतःची पाठ दिसते, ते फार पटतं. फक्त कॅमेऱ्याला उचलायच्या खोक्याचं वजन दिसत नाही, पकड निसरडी आहे हे दिसत नाही, आणि हेच काम पाळीत आठशे वेळा होतं हेही तीस सेकंदांच्या तुकड्यात दिसत नाही. ते तुम्ही भरायचं.

कायद्याचं बघताना जपून. एआय ओशाची कलमं, ब्रिटिश नियम आणि आपला कायदा यांची मिसळ करून देतो, तर्री वेगळी. आवाजाची मर्यादा विचारली तर ८५ डेसिबल म्हणेल. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० चालत आलीय. कानाच्या दृष्टीने ८५ धरणं उत्तम, पण तक्त्यात कोणती मर्यादा कुठून घेतली ते लिहा. १९४८ चा अधिनियम आणि २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता यांची कलमंही तो बेधडक अदलाबदल करतो, म्हणून प्रत्येक कलम मूळ मजकुरात उघडून पाहा. डिश, म्हणजे आपलं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, हा तक्ता कशाने टाइप केला असं विचारेल असं मला वाटत नाही. अपघात झाल्यावर विचारतात ते सही कुणाची. भोपाळनंतर कारखाने अधिनियमाच्या १९८७ च्या दुरुस्तीत सुरक्षेची सर्वसाधारण जबाबदारी कलम ७-अ ने भोगवटादारावर, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेल्या व्यक्तीवर, स्पष्ट शब्दांत आली. 'एआयने असं सांगितलं' हे उत्तर त्यालाही देता येणार नाही आणि तुम्हालाही नाही.

मग तीन आठवड्यांत काय करावं? मी तुमच्या जागी असतो तर प्लांट हेडना नाही म्हणालो नसतो. दोन दिवसांत एआयकडून कच्ची यादी काढली असती, पण 'प्रेस शॉपचा हिरा दे' असं सांगून नाही. प्रत्येक कामाचं वर्णन आधी स्वतः बघून लिहायचं: कोणती प्रेस, कोणता क्लच, पेडल की दोन बटणं, जॉब कसा ठेवतात, अडकला तर कसा काढतात, डाय कोण बदलतो, रात्री कोण असतं. मग त्याला म्हणायचं, 'या वर्णनात काय सुटलंय ते मला प्रश्न विचारून शोध.' उत्तर देण्यापेक्षा प्रश्न विचारण्यात तो जास्त उपयोगी पडतो, हा माझा अनुभव. 'जॉब डायला चिकटला तर प्रेस बंद करतात का?' हा प्रश्न त्याने मला विचारला होता. मी ऑपरेटरला विचारला. तो हसला. त्या हसण्यातून तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ निघाली. कामगारांची नावं, दवाखान्याचे कागद आणि ग्राहकाची ड्रॉइंग मात्र त्या खिडकीत टाकू नका.

उरलेले दिवस शॉपवर घालवा, निदान तीन वेळा रात्रपाळीत. सगळ्या बावीस प्रेसचं ऑडिटआधी होणार नाही, आणि ऑडिटरला ते मोकळेपणाने सांगता येतं: इतक्या झाल्या, इतक्या या तारखेपर्यंत. चांगला ऑडिटर तक्ता चाळतो आणि सरळ ऑपरेटरपाशी जाऊन विचारतो, 'इथे काय धोका आहे?' ऑपरेटरचं उत्तर आणि तुमची ओळ जुळली की काम झालं.

सूचना मराठी-हिंदीत करायला एआय वापरा, वेळ वाचतो, पण छापण्याआधी एखाद्या कामगाराकडून मोठ्याने वाचून घ्या. माझ्या एका सूचनेत 'डाय काढण्यापूर्वी मेन स्विच बंद करा' याचं 'मृत्यू काढण्यापूर्वी' झालं होतं. तो कागद आठवडाभर भिंतीवर होता आणि कुणीही तक्रार केली नाही, म्हणजे कुणी वाचलाच नव्हता.

उद्या सकाळी मात्र एआय उघडू नका. वही घ्या, मेंटेनन्सच्या माणसाला बरोबर घ्या, आणि बावीसपैकी पिन क्लचच्या प्रेस किती आणि त्यातल्या किती प्रेसवर पडदे लावलेत, एवढंच लिहून आणा. तो आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू.